एका दिवसाची सहल आणि सावलीचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘या वेळी रक्तदाब-मधुमेह नको, दुसरे काहीतरी लिहा’ असा प्रेमळ आदेश दिला, तेव्हा जो विषय मनात आला तो वाचकांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मे महिन्यात, शाळांना सुट्या असताना, पांढुर्णा किंवा सौंसर येथील बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबाने एक दिवस बाहेर घालवावा तो कुठे आणि किती खर्चात, एवढाच हा विषय. एखाद्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो शोभला असता. परंतु डॉक्टरांच्या स्मरणिकेत तो मांडावासा वाटला याला एक कारण घडले आहे, आणि ते सांगताना थोडा संकोचही होतो आहे.

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आपल्या संघटनेच्या सभेत उन्हाळी कौटुंबिक सहलीचा प्रश्न निघाला. नागपूरच्या बाजूचे एक रिसॉर्ट ठरले, माणशी वर्गणी ठरली, वातानुकूलित बस ठरली. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताना आमचे कंपाउंडर, जे माझ्याकडे बावीस वर्षांपासून आहेत, सहज म्हणाले, “साहेब, तुमची पार्टी कवा हाय औंदा? त्या दिवशी दवाखाना बंद राहीन नं?” मी हो म्हटले आणि विचारले, त्या दिवशी तुम्ही कुठे जाणार? ते हसले. “कुठीसा जातो साहेब! पोट्टी म्हन्ते, बाबा, त्या पान्याच्या पार्कात घेऊन चला. म्या हिसाब करून पाह्यला.” आणि औषध कंपनीच्या पॅडच्या पाठकोऱ्या कागदावर केलेला तो हिशेब त्यांनी खरोखरच खिशातून काढून दाखवला. नवरा, बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. जाण्यायेण्याचे भाडे, पाच प्रवेशपत्रिका, पाण्यात उतरायच्या कपड्यांचे भाडे, लॉकरचे भाडे आणि घरचा डबा आत नेऊ देत नाहीत म्हणून तिथलेच जेवण. बेरीज चार हजारांच्या वर गेली होती. बेरजेखाली त्यांनी रेघ मारली होती आणि रेघेखाली काहीच लिहिले नव्हते.

त्यांचा पगार मीच देतो. त्यामुळे ती बेरीज त्यांच्या मिळकतीचा केवढा भाग आहे, हे मला कागदाकडे पाहताच कळले.

मी त्या सहलीला गेलो. जेवण उत्तम होते आणि निम्मे वाया गेले. मुले वातानुकूलित खोलीत मोबाइल घेऊन बसली, आपण मंडळी व्यवसायाच्याच गप्पा मारीत राहिलो आणि संध्याकाळी परत आलो. कोणाचाही दोष नव्हता. पण तो पाठकोरा कागद काही डोळ्यांसमोरून हलेना, आणि आपल्या परिसरात एका कुटुंबाला स्वस्तात एक चांगला दिवस घालवता येत नाही हे खरे आहे का, याचा मी त्यानंतर वर्षभर शोध घेत राहिलो. त्या शोधातून निघालेले माझे मत असे की ठिकाणे भरपूर आहेत, तिकिटेही फारशी नाहीत. नाही ती सावली, नाही ते पिण्याचे पाणी आणि नाही ते स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. या तीन गोष्टी ज्याला विकत घ्याव्या लागतात त्यालाच सहल महाग पडते.

थोडे मागे जातो. मी मूळचा सौंसरचा. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, आम्ही चार भावंडे, आणि आजी. उन्हाळ्यात वर्षातून एकदा वडील आम्हाला छोट्या गाडीने रामाकोन्याला नेत. नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज गाडी आपल्या भागात सर्वजण छोटी गाडी म्हणूनच ओळखत. ती इतकी सावकाश चाले की डब्याच्या दारात बसलेल्याला बांधावरचा माणूस नावाने हाक मारू शके. रामाकोन्याला कन्हान नदीच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी थोडे आणि वाळू फार. त्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावलेल्या असत. वडील वाडीवाल्याशी घासाघीस करून दोन टरबुजे घेत, ती पाण्याच्या धारेत ओल्या फडक्याखाली ठेवत आणि आम्ही दुपारपर्यंत पाण्यात डुंबत असू. आईने ज्वारीच्या भाकरी, कांदा, लसणाचे तिखट आणि बाटल्यांत कैरीचे पन्हे घेतलेले असे. दुपार काठावरच्या झाडाखाली. आजी तिथे झोपून जाई. संध्याकाळच्या गाडीने परत. वडिलांनी आम्हाला सुट्यांमध्ये दुसरीकडे कुठेही नेले नाही. तरीही ‘आपण कुठे गेलो नाही’ असे लहानपणी एकदाही वाटल्याचे मला आठवत नाही.

ती छोटी गाडी 2015 च्या अखेरीस बंद झाली. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि 2021 पासून इतवारी ते छिंदवाडा मोठी गाडी धावू लागली. छोट्या गाडीबद्दल उसासे टाकणाऱ्यांत मी नाही. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रात्री नागपूर गाठण्याचा प्रसंग ज्याने अनुभवला आहे, त्याला वेगाची किंमत कळते. भीमलगोंदीचा घाट मोठ्या गाडीतूनही तितकाच देखणा दिसतो, विशेषतः पळस फुललेला असताना. छिंदवाड्याला उतरून बादल भोई आदिवासी संग्रहालय पाहावे. त्याची नवी वास्तू नोव्हेंबर 2024 मध्ये खुली झाली. आपल्या शेजारचे गोंड, भारिया, कोरकू लोक काय खातात, काय विणतात, कसे जगत आले हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. संग्रहालयाला छप्पर असते हा त्याचा उन्हाळ्यातील मोठा गुण आहे, याचा सहलीचा बेत आखताना विसर पडू देऊ नये.

नदीची गोष्ट मात्र आता वडिलांच्या काळासारखी राहिली नाही, हे डॉक्टर या नात्याने सांगितले पाहिजे. रेतीचा उपसा झालेल्या पात्रात कमरेएवढ्या पाण्याशेजारी एकाएकी पुरुषभर खोल खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. सुट्यांच्या दिवसांत बुडालेल्या मुलाला खाटेवर घालून आणले जाते, तेव्हा करण्यासारखे बहुधा काही उरलेले नसते. ज्या पात्राची तळापर्यंत माहिती असलेला गावातला माणूस बरोबर नाही, तिथे मुलांना घोट्यापलीकडे जाऊ देऊ नये.

मग पाण्यात खेळायचे कुठे? याचे उत्तर आपल्या अंगणात आहे आणि आपण ते विसरलो आहोत. पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्याचा मुलूख. प्रत्येक बागेला विहीर, विहिरीवर मोटार आणि मोटारीच्या पाण्याला हौद. हौदात पडणारी ती जाड धार अंगावर घेतलेल्या मुलाला पाण्याच्या पार्कातील कोणतीही घसरगुंडी दाखवा. तो हौदच मागेल. मे महिन्यात मृगाची संत्री संपलेली असतात आणि आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी हिरवी असतात, त्यामुळे फळे तोडली जाण्याची भीती बागवानाला नसते. संत्र्याचे झाड ठेंगणे. त्याच्या सावलीत बसता येते पण लोळता येत नाही. बहुतेक बागांच्या धुऱ्यावर मात्र एखादा आंबा, चिंच किंवा कडुनिंब असतोच. आपल्यापैकी प्रत्येकाचे निदान दहा रुग्ण बागवान आहेत. विचारून पाहा, कोणी नाही म्हणत नाही; उलट संध्याकाळी निघताना कैऱ्यांची थैली हातात देतात. मोटारीच्या वायरी उघड्या नाहीत ना, आणि मुले हौदात असताना कोणी मोठा माणूस कडेला बसला आहे ना, एवढे पाहावे. विजेचा धक्का हाही उन्हाळ्यातलाच आजार आहे.

पांढुर्ण्याच्या मंडळींना रेल्वेची आणखी एक सोय आहे. नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावर आपले स्थानक असल्याने तीगावच्या पुढे घाट चढून गाडी मुलताईला जाते. या प्रवासाचे भाडे पॅसेंजरने इतके थोडे लागते की सहलीचा खर्च म्हणून तो लिहावासाही वाटत नाही. मुलताईला तापी उगम पावते. एवढी मोठी नदी, जी खानदेश ओलांडून सुरतेपाशी समुद्राला मिळते, ती एका गावातल्या तलावापाशी सुरू होते हे मुलांना पुस्तकातून पटत नाही, तिथे उभे केल्यावर पटते. शिवाय आपल्या जाम नदीचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेला आणि तिथून प्राणहिता-गोदावरीतून पूर्व समुद्राला जाते, तर या घाटापलीकडचे पाणी पश्चिमेला. माझ्या नातवाने हे ऐकल्यावर गाडीच्या खिडकीतून ‘आता पाऊस पडला तर कुठल्या समुद्रात जाईल?’ असे दर दहा मिनिटांनी विचारून मला हैराण केले होते. सातवीच्या भूगोलाच्या एका धड्याचे काम त्या दिवशी झाले.

इतर ठिकाणे थोडक्यात सांगतो. सौंसरजवळ जामसावळीचे हनुमान मंदिर सर्वांना माहीत आहे; पिंपळाखाली पहुडलेली ती मूर्ती पाहायला आता दुरून लोक येतात आणि मंगळवार-शनिवारी गर्दी असते, तेव्हा लहान मुले व म्हातारी माणसे बरोबर असल्यास अन्य वार निवडावा. मनोविकारांचे रुग्णही तिथे आणले जातात. त्याबद्दल माझे म्हणणे एवढेच की दर्शन जरूर घ्यावे आणि गोळ्याही चालू ठेवाव्यात. मोहगावचे अर्धनारीश्वराचे मंदिर त्या मानाने शांत आहे. मोहखेड तालुक्यातील देवगडचा किल्ला हिवाळ्यासाठी राखून ठेवावा; ज्या बख्त बुलंद शहाने 1702 मध्ये नागपूर वसवले तो या देवगडचा गोंड राजा, आणि गडाच्या परिसरात आठशे विहिरी व नऊशे बावड्या होत्या अशी आख्यायिका आहे, पण मे महिन्यातील चढणीवर त्यांतली एकही उपयोगी पडत नाही. कुकडीखापाचा धबधबा उन्हाळ्यात कोरडा असतो. पाहुण्यांना कौतुकाने नेऊन फजिती झालेल्यांत मी स्वतः आहे. सावनेरच्या बाजूला अदाशाचा गणपती आणि चंद्रभागेकाठचे धापेवाड्याचे विठ्ठल मंदिर एका दिवसात होते. नागपूरला जायचेच असेल तर 1863 पासूनचा अजब बंगला आणि 1992 मध्ये सुरू झालेले रामन विज्ञान केंद्र ही दोन ठिकाणे मुलांच्या दृष्टीने कोणत्याही मॉलपेक्षा सरस आहेत. अजब बंगला सोमवारी बंद असतो.

आता उन्हाविषयी. पारा चाळिशी सहज ओलांडतो त्या दिवसांत सहलीची घडीच वेगळी बसवावी लागते. पहाटे पाचला घर सोडावे, अकराच्या आत गर्द सावलीत किंवा छपराखाली पोहोचावे आणि चार वाजेपर्यंत तिथून हलू नये. मधले पाच तास ही सहलीतील अडचण नव्हे, तीच खरी सहल आहे. गप्पा, भेंड्या, पत्ते आणि झोप यांना पाच तास पुरत नाहीत. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये, लहान मुलांना ते घातक ठरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना नेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि कोणी बरळू लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. कपडे सैल करून अंग भिजवावे, वारा घालावा आणि तसेच भिजवत रुग्णालयात आणावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कांदा खिशात ठेवायला माझी हरकत नाही; जेवताना उपयोगी पडतो.

ज्या गोष्टीसाठी हा लेख खऱ्या अर्थाने लिहिला, तिच्याकडे आता येतो.

मागच्या उन्हाळ्यात पस्तिशीच्या एक अंगणवाडी सेविका थंडी भरून आलेल्या तापाने दवाखान्यात आल्या. कमरेत कळा, उलट्या, लघवीला आग. मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दोन दिवसांपूर्वी त्या कुटुंबासह एका देवस्थानाला जाऊन आल्या होत्या. मी विचारले, त्या दिवशी पाणी किती प्यालात? त्या गप्प राहिल्या. सासूबाईंनीच सांगितले, “डॉक्टरसाहेब, आमी बाया गावाले निघालो का पानी पेत नाही. बसाले जागा कुठी राह्यते?” पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत, त्या उन्हात, चार घोट पाणी. बरोबरच्या पुरुषांना याची कल्पनाही नव्हती. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात मी अशा किती जणींना प्रतिजैविके लिहून दिली असतील, आणि ‘पाणी भरपूर प्या’ हे वाक्य किती सहजपणे उच्चारले असेल! ते वाक्य ऐकून त्या मान डोलावतात. पण त्यांच्या दृष्टीने ते वाक्य अपुरे असते, आणि ते पूर्ण करण्याची जबाबदारी औषधपत्रिकेत बसत नाही.

या आजारपणाचा खर्च त्या कुटुंबाला सहलीच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक आला. शिवाय बुडालेले मानधन. त्यानंतर मी चौकशी करू लागलो तेव्हा कळले की अनेक घरांतल्या बायका ‘तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळते’ असे म्हणतात ते घराच्या ओढीने म्हणत नाहीत. ज्या कुटुंबाला परवडते ते वाटेत चांगल्या हॉटेलात थांबते; तिथे चहा घेतला की स्वच्छतागृह मिळते. पाच जणांचा तो चहा म्हणजे खरे पाहता स्वच्छतागृहाचे भाडे. रिसॉर्टच्या तिकिटातही आपण बव्हंशी सावली, पाणी आणि ही सोय यांचेच पैसे भरतो, घसरगुंडी निमित्तमात्र.

हे मला ग्लासगोत अधिक स्पष्ट दिसले. माझा भाचा तिकडे रुग्णालयात नोकरीला आहे. 2023 च्या जुलैत आम्ही उभयता त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो. तिथल्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणणे हा आपल्या मे महिन्याचा अपमान आहे. आम्ही स्वेटर घालून फिरलो. भाच्याच्या दोन मुलांना सुट्या होत्या, आणि श्रीमंत देशात मुलांना फिरवणे फार महाग पडत असेल अशी माझी समजूत होती. पहिल्या रविवारी त्याने आम्हाला केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात नेले. 1901 मध्ये उघडलेली ती राजवाड्यासारखी इमारत, आत पेंढा भरलेला हत्ती, त्याच्यावर छताला टांगलेले दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमान आणि दुपारी मोठ्या ऑर्गनचे वादन. प्रवेश विनामूल्य. बोटॅनिक गार्डनमध्ये हिरवळीवर माणसे घरचे डबे उघडून बसलेली, प्रवेश विनामूल्य. एक दिवस लोकल गाडीने बॅलॉकला जाऊन लॉख लोमंडच्या काठी बसलो, खर्च गाडीभाड्याचा. मुलांना तर स्थानिक बसचेही भाडे पडत नाही. बावीस वर्षांखालील रहिवाशांना 2022 पासून स्कॉटलंडमध्ये बसप्रवास मोफत आहे. माझ्या पत्नीने मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी नोंद केली. ती म्हणाली, “इथे आल्यापासून मी घराबाहेर पडताना पाणी पिताना विचार केला नाही.” चाळीस वर्षांच्या संसारात मला तिने हे पूर्वी कधी सांगितले नव्हते, आणि मी डॉक्टर आहे.

त्या देशाचे उत्पन्न वेगळे, हवामान वेगळे, हे मान्य. संग्रहालये आणि मोफत बसगाड्या आपण डॉक्टर मंडळी उभारू शकत नाही. परंतु दोन स्वच्छतागृहे उभारू शकतो. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात रस्ते, कार्यालये, उद्याने यांचे आराखडे होतील. सावलीची झाडे, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे त्यांत कागदावर दाखवली जातीलही. ती बांधली जावीत, उघडी राहावीत आणि धुतली जावीत, याचा पाठपुरावा आपण केला तर आपले ऐकले जाते, कारण गावात प्रत्येक घराचा आपल्याशी संबंध येतो. बांधण्यापेक्षा धुणे अवघड आहे, हे मी जाणून आहे. म्हणून माझी सूचना अशी की संघटनेने एक ठिकाण निवडून तिथल्या स्वच्छतागृहाच्या सफाईचा, पाण्याच्या टाकीचा आणि दिव्याचा वार्षिक खर्च उचलावा. आपल्या रिसॉर्टच्या एका दिवसाच्या खर्चात एका सफाई कामगाराचे किती महिन्यांचे वेतन निघते ते मी कोषाध्यक्षांना विचारून पाहिले. उत्तर ऐकून आम्ही दोघेही थोडा वेळ बोललो नाही.

दुसरी सूचना आपल्या सहलीविषयीची. ती परिसरातच व्हावी आणि कंपाउंडर, सिस्टर, आया, वॉर्डबॉय, लॅबमधली मुले व रुग्णवाहिकेचे चालक या सर्वांची कुटुंबे तिच्यात असावीत. हे मी अनौपचारिकपणे काही सहकाऱ्यांकडे बोललो तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दिलेले उत्तर इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. ते म्हणाले, “वर्षातून एकदा दवाखान्यापासून सुटका हवी म्हणून तर आपण जातो. कंपाउंडर बरोबर आला म्हणजे दवाखानाच बरोबर आला. आणि त्यालाही एक दिवस तुमच्यापासून सुटका नको का?” या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः शेवटच्या वाक्यात. साहेब समोर बसले असताना मोकळेपणी हसता येत नाही हे मलाही ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांना रिसॉर्टला जायचे त्यांनी स्वखर्चाने जरूर जावे. माझा विरोध नाही. माझे म्हणणे संघटनेच्या निधीपुरते आहे. आणि साहेबांच्या उपस्थितीने येणारे अवघडलेपण घालवण्याचा एक उपाय आमच्या घरी सापडला आहे, तो म्हणजे साहेबाला चुलीपाशी बसवणे.

‘मग तातडीचे रुग्ण कोण पाहील’ या आक्षेपाला फारसे वजन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही काठांवर वैद्यकीय मदत उभी राहते आणि गावातले दवाखानेही चालू राहतात. डोकी फुटण्याच्या दिवशी आपल्याला पाळ्या लावता येतात, तर हसण्याखेळण्याच्या दिवशी का लावता येऊ नयेत?

प्रस्ताव नुसता कागदावर राहू नये म्हणून एक व्यवस्था करून ठेवली आहे. पांढुर्ण्याहून सौंसरच्या वाटेवरील एका बागवानाने आपली बाग मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याला दिली आहे. विहिरीला भरपूर पाणी आहे, हौद मोठा आहे आणि धुऱ्यावर दोन जुने आंबे व एक चिंच आहे. बागेला लागून असलेल्या शाळेची स्वच्छतागृहे आदल्या दिवशी धुवून किल्ली आपल्या ताब्यात मिळेल. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. पहाटे साडेपाचला निघायचे. सकाळी हौद आणि न्याहारी, दुपारी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, नंतर झोप, चारनंतर मुलांचे खेळ, सहाला परत. प्रत्येक कुटुंबाने पाण्याचा एक माठ किंवा कॅन, सतरंजी आणि स्वतःची ताटे आणावीत. खर्च शिध्याचा आणि टेम्पोचा, तो डॉक्टरांनी वाटून घ्यावा. येणाऱ्यांनी आपली व आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरची माणसे मोजून संख्या एप्रिलअखेरपर्यंत माझ्या दवाखान्यात कळवावी. वांग्याची भाजी आमच्या कंपाउंडरच्या आई करणार आहेत, कारण दुसऱ्या कोणाच्या हातची त्यांना पसंत पडत नाही. गोवऱ्या आणण्याचे आणि रोडगे भाजण्याचे काम माझ्याकडे आले आहे.